चोवीस तास पन्नास मिनिटं

डॉक्टरीणबाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "काकू, तुमच्या घरात दोन वेगवेगळे दिवस चालू आहेत. एक तुमचा, एक काकांचा."

पडद्यावर आडव्या ओळी होत्या, एकाखाली एक, अठ्ठावीस. एक ओळ म्हणजे एक दिवस, मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. माणूस हलत असेल तिथे बारीक काळ्या रेघा, झोपला असेल तिथे कोरं. तुमच्याआमच्या कागदावर हा कोरा भाग पट्ट्यासारखा सरळ खाली उतरतो, असं त्यांनी सांगितलं. आमच्या ह्यांच्या कागदावर तो तिरका उतरत होता, जिन्याच्या पायऱ्यांसारखा. प्रत्येक ओळीत थोडा उजवीकडे सरकलेला. उजव्या कडेला पोचला की कागदाबाहेर जायचा आणि डाव्या कडेने पुन्हा आत यायचा.

हे माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. हात मांडीवर, चेहरा डॉक्टरांच्या आवाजाकडे. पडद्याकडे त्यांनी एकदाही मान वळवली नाही. घाबरलेत म्हणून बघत नाहीत, असं मला वाटलं.

आजाराचं नाव नॉन-ट्वेंटीफोर-अवर स्लीप-वेक डिसऑर्डर. आपल्या शरीराच्या आत एक घड्याळ असतं. झोप, भूक, अंगाचं तापमान, सगळं ते ठरवतं. त्याच्या चालीला सर्केडियन ऱ्हिदम म्हणतात. या आजारात ते घड्याळ बाहेरच्या दिवसरात्रीपासून सुटतं आणि आपल्याच गतीने चालू लागतं. ह्यांचा एक दिवस जवळजवळ चोवीस तास पन्नास मिनिटांचा झाला होता.

हे नाव कानावर पडेपर्यंत आमचे सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांत मी काय काय मानलं आणि कुठे कुठे गेले ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. कुणाच्या घरी असं काही चालू असेल तर त्यांना आमच्यापेक्षा लवकर कळावं, म्हणून लिहिते आहे.

आमचे हे पोफळीच्या भुयारातल्या वीजघरात ऑपरेटर होते, दिवसपाळी-रात्रपाळी करत, आणि मी कॉलनीतल्या शाळेत शिक्षिका. निवृत्त झाल्यावर रत्नागिरीत भाट्याच्या खाडीजवळ लहानसं घर बांधलं. आमची एकच मुलगी, मुग्धा, ठाण्याला असते. तिच्या बाळंतपणात अडचणी होत्या, डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली होती. मी गेले ती आधी तिच्यासाठी आणि मग नातीसाठी, अशी जवळजवळ नऊ महिने तिकडेच राहिले. इथे हे एकटे. खानावळीचा डबा लावून दिला होता. शेजारच्या सुगंधाबाई मासळी बाजारात बसतात, त्या अधूनमधून कालवण आणून देत. फोनवर रोज बोलणं व्हायचं. सगळं ठीक आहे, तू पोरीकडे बघ, एवढंच ते म्हणत.

ह्यांना दहा वर्षांपासून ग्लॉकोमा आहे, म्हणजे काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजरेची नस हळूहळू मरत जाते. डावा डोळा आधीच गेला होता. उजव्याने कडेचं दिसत नाही पण समोरचं बरं दिसतं, असं ते सांगायचे. रोज थेंब घालायचे आणि वेळोवेळी दाब तपासून घ्यायचा, एवढं पथ्य होतं.

दिवाळीनंतर मी परत आले. घर इतकं नीटनेटकं होतं की मला कौतुक वाटलं. खुर्च्या भिंतीला टेकवलेल्या, वाटेत एक वस्तू नाही. दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडायला स्टूल ओटीवर ओढलं आणि ते तिथेच राहिलं. हे येऊन त्याच्यावर आदळले. चाळीस वर्षांच्या संसारात ते माझ्यावर इतके कधी चिडले नव्हते. वस्तू जिथल्या तिथे राहू दे, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

पहिले दोन दिवस सकाळी आम्ही बरोबरच उठलो. मग ते उशिरा उठू लागले. सात, आठ, नऊ. मला वाटलं, एकटेपणात सवय मोडली असेल. पण वेळ कुठे थांबेना. बारा झाले, मग एक. एका दुपारी मी त्यांना जेवायला हाक मारायला गेले तर पडदे ओढलेल्या खोलीत ते हलतही नव्हते. खांदा धरून हलवलं, तोंडावर पाणी शिंपडलं. डोळे उघडले, माझ्या पलीकडे कुठेतरी बघितलं, आणि पुन्हा मिटले. मी नाकाशी बोट धरून श्वास पाहिला.

पंधरा दिवसांनी ते संध्याकाळी उठत आणि मी झोपायला जाईपर्यंत त्यांची सकाळही संपलेली नसे. त्या दिवसांत मला घरात चालण्याचा आवाज ऐकू येई. घाईचा नाही, धडपडीचा नाही. मोजून टाकलेली पावलं. स्वयंपाकघर, ओटी, पुन्हा स्वयंपाकघर. दिवा मात्र लागलेला नसे.

एकदा पहाटे पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात मिट्ट काळोख. बटण दाबलं तर मोरीपाशी हे उभे, तोंडाला साबण, हातात वस्तरा. दाढी अर्धी झालेली. समोर आरसा नाही, नुसती भिंत. दिवा लागला तरी त्यांची पापणी लवली नाही. म्हणाले, "तू आहेस काय गो?"

मी विचारलं, अंधारात दाढी कशाला करता. वीजघरात आयुष्य गेलं, भुयारात अंधाराची सवय असते, उगाच वीज कशाला जाळायची, असं हसून म्हणाले. मीही हसले. पण परत झोपायला जाताना मी दिवा तसाच चालू ठेवला.

आणि एक दुपार. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्यांच्याशी मुग्धाच्या बाळाबद्दल बोलत होते. दूध उतू जाईल म्हणून न बोलता उठले आणि आत गेले. भांडं उतरवून परत येते तर हे बोलतच होते. रिकाम्या खुर्चीकडे बघून. मान हलवत, मध्येच थांबून, उत्तर ऐकावं तसं. मी दारात उभी राहिले. त्यांनी खुर्चीला विचारलं, पोरीला आता दात आले असतील ना. आणि उत्तराची वाट बघत राहिले.

मी हाक मारली नाही. मला हाक मारवली नाही.

हे नुसतं मीच पाहिलं होतं असं नाही. माझ्या गैरहजेरीत सुगंधाबाईंनीही त्यांना एकटं बोलताना पाहिलं होतं. वाडीत कुजबूज आधीच होती. वाडीत ह्यांना भाऊ म्हणतात; अमावास्येला भाऊ बरोबर मध्यरात्री उठतात, असंही कुणी म्हणालं. मी कॅलेंडर पाहिलं आणि ते खरं निघालं. शाळेत तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलेली बाई मी. तरी मंडणगडजवळच्या माझ्या माहेरच्या गावी गेले आणि देवळात गुरवाकडून कौल लावून घेतला. कौल वाईट आला. परतीच्या एसटीत मी पूर्ण वेळ पदर तोंडाशी धरून बसले होते.

दरम्यान डॉक्टर चालूच होते. आमच्या नेहमीच्या फिजिशियनांनी साखर, थायरॉइड, सोडियम तपासलं. सगळं बरोबर. झोपेच्या गोळ्या दिल्या. त्यांनी हे फक्त गुंगीत राहिले आणि एकदा न्हाणीघरात पडले. मग डोक्याचा सीटी स्कॅन झाला. वयाच्या मानाने ठीक. मग स्मरणशक्तीची चाचणी.

ती चाचणी तिथल्या मदतनीस बाईंनी घेतली. शंभरातून सात सात वजा करत जा, हे ह्यांनी धडाधड सांगितलं. पाच शब्द लक्षात ठेवले. मग त्यांना कागद देऊन घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. चष्मा घरी राहिला, असं हे म्हणाले. जमेल तसं काढा, असं उत्तर मिळालं. तो कागद मी अजून ठेवला आहे. एक गोल, न मिटलेला. आकडे एकमेकांवर चढलेले, सहा आणि सात गोलाच्या बाहेर. काटे कागदावरून उतरून टेबलावर गेलेले.

डिमेन्शियाची, म्हणजे विसरभोळेपणाच्या आजाराची, सुरुवात असू शकते, असं फिजिशियन म्हणाले. मुग्धाने फोनवर रडून सांगितलं, घर बंद करा आणि ठाण्याला या. हे पलीकडच्या खोलीतून म्हणाले, "मी इथून हलणार नाही." एवढंच, पण अशा आवाजात की मी फोन ठेवून दिला.

पुढचं वळण सुगंधाबाईंमुळे आलं. त्या बाजाराला जाताना आमच्या फाटकाशी थांबतात. त्या दिवशी टोपली खाली ठेवून त्या आत ओटीवर आल्या. मग म्हणाल्या, "वयनी, रागवू नका. पण भाऊ भरतीला उठतत."

मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. भरती रोज त्याच वेळी येत नाही, रोज पाऊण तासाच्या वर पुढे जाते. त्यांच्या घरी होड्या पाण्यावर काढायच्या असतात, म्हणून पाण्याची वेळ त्यांना तोंडपाठ. गेले दोन महिने त्या बघत होत्या. भाऊंच्या खोलीची खिडकी उघडते तेव्हा खाडी भरलेली असते.

मी कॅलेंडर उतरवलं आणि ह्यांची उठण्याची वेळ रोज लिहू लागले. शेजारच्या रकान्यात सुगंधाबाई भरतीची वेळ सांगत. पहिला आठवडा जुळला. दुसरा जुळला. दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे, बस.

तिसऱ्या आठवड्यात पौर्णिमेनंतर चारेक दिवसांनी मी मुद्दाम खाडीवर गेले. दुपारचे तीन. ऊन रणरणत होतं, धक्क्यावर कुणी नव्हतं. घरातून निघताना हे गाढ झोपलेले होते. मी पायऱ्यांच्या वरच्या अंगाला उभी राहिले. पाणी लाटा न करता चढत होतं. एक पायरी दिसेनाशी झाली, मग दुसरी. नंतर ते थांबलं. होड्या दोरांवर सरळ झाल्या आणि सगळीकडे अशी शांतता झाली की मला स्वतःचा श्वास ऐकू आला. मी वळून जवळजवळ पळत घरी आले. हे पलंगावर उठून बसले होते, पाय खाली सोडून, हात गुडघ्यांवर. चेहरा खाडीच्या बाजूला.

"भरली वाटतं," ते म्हणाले.

नंतर कळलं की पाणी भरल्यावर धक्क्याकडचा आवाज बदलतो आणि तो त्यांना ऐकू येई. पण त्या दुपारी मला ते माहीत नव्हतं. मी आत जाऊन कॅलेंडरवर वेळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी ते कॅलेंडर घेऊन मी एकटीच फिजिशियनांकडे गेले. भरतीचा रकाना दाखवायची लाज वाटत होती, म्हणून तो दुमडला होता. त्यांनी नुसत्या उठण्याच्या वेळा पाहिल्या. दोनदा पाहिल्या. मग म्हणाले, "हा विसरभोळेपणा नाही. विसरणारा माणूस इतका हिशेबात सरकत नाही." त्यांनी चूक मान्य केली आणि एका डॉक्टरीणबाईंच्या नावाने चिठ्ठी दिली. त्या झोपेच्या विकारांच्या तज्ज्ञ, कोल्हापूरहून महिन्यातून दोनदा रत्नागिरीत येतात.

बाईंनी पहिल्या भेटीत फार बोलणं केलं नाही. गर्दी होती. बाहेर बाकावर आम्ही अडीच तास बसलो होतो आणि ह्यांची ती झोपेची वेळ होती, त्यांना धरूनच आत नेलं. बाईंनी कॅलेंडर पाहिलं आणि ॲक्टिग्राफी करू म्हणाल्या. ॲक्टिग्राफ म्हणजे घड्याळासारखा एक पट्टा. मनगटाला बांधायचा. तो दर मिनिटाला हालचाल नोंदवतो आणि त्यावर किती उजेड पडतो तेही नोंदवतो. सुई नाही, तारा नाही, दवाखान्यात झोपायला नको. अठ्ठावीस दिवस काढायचा नाही, बाही त्याच्यावर येऊ द्यायची नाही. सोबत झोपेची वही ठेवायची. वही हे लिहिणार होते, पण पहिल्याच दिवशी म्हणाले, तूच लिही, तुझं अक्षर चांगलं.

ते अठ्ठावीस दिवस विचित्र गेले. पट्ट्यावर एक हिरवा ठिपका मधूनमधून लुकलुकायचा. काळोख्या ओटीवर तो ठिपका कमरेच्या उंचीवर इकडून तिकडे जाताना मी पाहायचे. बाकी काही दिसत नसे.

मग तो दिवस आला, ज्याने मी सुरुवात केली.

जिन्यासारखा आलेख दाखवल्यावर बाईंनी एक आकडाही दाखवला. त्याला स्लीप रेग्युलॅरिटी इंडेक्स म्हणतात, झोपेच्या नियमितपणाचं माप. आज दुपारी तीनला तुम्ही जागे असाल तर उद्या तीनलाही जागे असता का, असं दिवसाच्या प्रत्येक मिनिटाबद्दल विचारायचं आणि उत्तरांचं गणित मांडायचं. शंभर म्हणजे अगदी ठरलेला माणूस. ह्यांचा आकडा चांगला होता. मी चकित झाले. त्या म्हणाल्या, हे माप फक्त आजची तुलना उद्याशी करतं. रोजचा फरक पन्नास मिनिटांचाच, म्हणून आकड्याला काही खटकत नाही. महिनाभराचा कागद समोर ठेवला की कळतं माणूस किती लांब गेलाय ते.

मग त्यांनी कागदाची रुंदी बदलली. चोवीस तासांऐवजी चोवीस तास पन्नास मिनिटं. जिना नाहीसा झाला. कोरा पट्टा सरळ उभा राहिला, फूटपट्टी धरून आखल्यासारखा. "बघा, काका अगदी नियमित आहेत," त्या म्हणाल्या. "फक्त आपल्या दिवसात नाहीत."

मी धीर करून भरतीचं विचारलं. त्या हसल्या नाहीत. चंद्रामुळे भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे जाते आणि ह्यांचं घड्याळही तेवढंच लांब निघालं, हा योगायोग आहे, म्हणाल्या. दुसऱ्या रुग्णात ते वीस मिनिटांनी लांब असतं. पाळीच्या नोकरीमुळे झालं का, असंही मी विचारलं. नाही म्हणाल्या. त्याला फार वर्षं झाली.

त्यानंतर त्या खालच्या एका फिकट रेघेवर थांबल्या. ती उजेडाची रेघ होती. हालचाल चालू आहे आणि उजेड शून्य, असं कितीतरी ठिकाणी. घरात दिवे लावत नाही का, असं त्यांनी मला विचारलं. मी वीज वाचवण्याचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. या आजाराचं एक मोठं कारण असतं, असं त्या हळू म्हणाल्या. बाहेरच्या दिवसाशी आपलं घड्याळ रोज जुळवतो तो उजेड, आणि तो आत जायची वाट डोळ्यांतून आहे.

त्या उठून ह्यांच्यासमोर आल्या. खोलीची खिडकी कुठे आहे, असं विचारलं. ह्यांनी बरोबर दाखवली. बाहेरून रिक्षांचा आवाज येत होता. मग त्यांनी खिशातून लहान टॉर्च काढला, काही न बोलता ह्यांच्या उजव्या डोळ्यासमोर धरला आणि पेटवला. विझवला. पुन्हा पेटवला. विचारलं, "काका, आत्ता टॉर्च चालू आहे की बंद?"

ह्यांच्या डोळ्यात सरळ उजेड पडत होता आणि चेहऱ्यावरचा एक स्नायू हलत नव्हता.

"चालू असला तर बंद करा," ते म्हणाले.

बाईंनी टॉर्च खिशात ठेवला. पहिल्याच भेटीत मी हे बघायला हवं होतं, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मी खुर्चीचा हात धरून बसले होते. आरशाशिवाय दाढी, रिकामी खुर्ची, ते स्टूल, टेबलावर उतरलेले घड्याळाचे काटे. सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. घरात कुणी दुसरं शिरलं नव्हतं. एक आंधळा माणूस आपल्या बायकोला कळू नये म्हणून पावलं मोजत होता.

घरी जाताना रिक्षात हे हळू आवाजात म्हणत होते, आता बाजाराचं वळण, आता उतार, आता पूल येईल. इतके दिवस हे ते मनात म्हणत असणार. आता लपवायची गरज नव्हती.

ओटीवर बसल्यावर ते आपणहून बोलले. "तू ठाण्याला गेलीस तेव्हा खिडकीचा उजेड कळायचा. तू आलीस तेव्हा तोही राहिला नव्हता." थेंब संपले ते पुन्हा आणलेच नाहीत, मी आल्यावर नुसती रिकामी बाटली डोळ्यावर धरायचे, असं सांगितलं. तुला कळलं असतं तर तू पोरीला टाकून आली असतीस, आणि पोरीला कळलं असतं तर हे घर बंद झालं असतं, असं म्हणाले. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये कुठे काय आहे ते मी कसं शिकणार होतो, असं त्यांनी मला विचारलं. इथे सगळं त्यांच्या पायांना पाठ होतं.

मला दया यायच्या आधी राग आला. दोन दिवस मी फक्त ताट वाढलं. तिसऱ्या दिवशी कपडे आवरताना त्यांच्या शर्टांच्या कॉलरला आतून दोऱ्याच्या गाठी दिसल्या. पांढऱ्याला एक, निळ्याला दोन, चौकटीच्या शर्टाला तीन. मी आल्यावर माझ्यासमोर चुकीचा शर्ट घातला जाऊ नये म्हणून. ते गाठींचं काम त्यांनी बोटांनी चाचपत किती वेळ घालवून केलं असेल, ते मला कळत होतं. मी कपाट लावून त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि त्या दिवशी आम्ही दोघंही रडलो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नजर परत येणार नाही. थेंब चालू असते तर किती दिवस राहिली असती ते आता सांगता येणार नाही. हे वाक्य मी गिळलं आहे, विसरलेले नाही.

झोपेवर मात्र उपाय होता. मेलाटोनिन हे मेंदू अंधार पडल्यावर तयार करतो ते द्रव्य, झोपेची वेळ झाली असं शरीराला सांगणारं. ज्याला उजेड-अंधार कळत नाही त्याला त्याची अगदी लहान गोळी रोज ठरलेल्या मिनिटाला द्यायची, म्हणजे घड्याळाला बाहेरून खूण मिळते. जेवण, आंघोळ, फिरणं यांच्याही वेळा पक्क्या. ज्या आठवड्यात ह्यांची झोप आपोआप रात्री येईल तेव्हा सुरू करू, असं बाईंनी सांगितलं. त्यासाठी आम्ही अठरा दिवस थांबलो. त्यांच्या रात्री माझ्या दिवसांतून सरकत येताना पाहत राहिलो.

शुद्ध अष्टमीला रात्री नऊ वाजता पहिली गोळी दिली. दुसऱ्या दिवशी सहाला उठले. मग सव्वासहा, मग साडेसहा. मला वाटलं, गेलं सगळं. बाईंना फोन केला. थांबा, एकही दिवस चुकवू नका, म्हणाल्या. दुसऱ्या महिन्यात ते सकाळी दहापर्यंत गेले आणि तिथे अडले. खाडी पुढे निघून गेली, हे मागे राहिले. मग हळूहळू ते अलीकडे येऊ लागले. नऊ, आठ, सात.

चार महिन्यांनी पट्टा पुन्हा बांधला. या वेळी कोरा पट्टा चोवीस तासांच्या कागदावर उभा होता. जरा वाकडा, एके ठिकाणी तुटलेला, पण उभा. तुटला तिथे आम्ही नातीच्या पहिल्या वाढदिवसाला ठाण्याला गेलो होतो आणि दोन गोळ्या चुकल्या होत्या. त्यानंतरचे नऊ दिवस ते पुन्हा सुटले. हा आजार बरा होत नाही, त्याला रोज धरून ठेवावं लागतं, हे तेव्हा कळलं.

मुग्धाने घर बंद करायचा विषय काढला नाही. ह्यांना पांढरी काठी घेऊन चालायला शिकवणारे एक गृहस्थ आता आठवड्यातून एकदा येतात. वाडीतली माणसं समोर आली की आपलं नाव सांगतात. आधी कुजबूज करणारेही सांगतात.

तुमच्या घरी कुणाची झोप रोज थोडी पुढे जात असेल तर गोळ्या देण्याआधी एक महिना वेळा लिहून काढा. माणूस काळजीत असला की दिवसाची तुलना फक्त कालच्या दिवसाशी करतो, आणि कालच्या मानाने सगळं ठीकच दिसतं. कागद महिन्याचा हवा. आणि डोळे तपासा, विशेषतः काचबिंदू असेल तर. तुमचा माणूस दिसतं म्हणाला तरी तपासा. मी कौल लावून घेतला त्याची मला लाज वाटत नाही, पण त्या भीतीत आमचे दोन महिने गेले.

फिजिशियनांनी आपली चूक लपवली नाही, बाईंनी चिकाटी सोडली नाही आणि सुगंधाबाईंनी मला राग येईल हे माहीत असून तोंड उघडलं. या तिघांचे आमच्यावर उपकार आहेत.

आता आम्ही बरोबरच उठतो. मोबाइल वेळ बोलून दाखवतो, पण ह्यांचा त्याच्यावर विश्वास नाही. पलंगावर बसल्या बसल्या मला विचारतात, "उजाडलं काय गो?" अंथरुणातूनच हो म्हणणं सोपं असतं. पण मी उठते, दार उघडते, अंगणात जाते आणि नीट बघते. मगच उत्तर देते.